नवरदेवाची स्पोर्ट्स कार

मी रिटायर झाल्यावर सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली, कारण घरात बोलायला कुणी नव्हतं. (कुत्रा पाळला असता तर स्वस्तात भागलं असतं, हे आता कळतं. कुत्र्याला क्लचप्लेट नसते!)

परतूरच्या शाळेत मी जन्मभर गणित शिकवलं. बायको सिंधू गेली. मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीत अडकला. लहानपणी त्यानं घरच्या लोखंडी कपाटावर अशाच एका लाल, दोन सीटांच्या गाडीचं चित्र चिकटवलं होतं. संभाजीनगरला जुन्या गाड्यांच्या दुकानात तीच गाडी दिसली आणि मला वाटलं, ही दारात उभी राहिली की पोरगं उड्या मारत घरी येईल. दुकानदार म्हणाला, "सर, आधीचा मालक डॉक्टर होता. फक्त रविवारी चालवायचा." (सोमवार ते शनिवार तो ती दुरुस्त करत असणार, हे त्यानं सांगितलं नाही.) मी गाडी घेतली आणि आनंदानं प्रशांतला फोन लावला.

"पप्पा, तब्येत बराबर हाय ना तुमची?" एवढंच त्यानं विचारलं.

तो काही आला नाही. गाडी मात्र माझ्या गळ्यात पडली. ती जमिनीला इतकी लागून चालायची, की गावातला प्रत्येक स्पीडब्रेकर तिच्या पोटाची चौकशी करायचा. एसी बंद. डाव्या बाजूची काच वर गेलेली, ती खाली यायला तयार नाही. टायर अख्ख्या जालना जिल्ह्यात मिळेना. ऑइल तर असं गळायचं, की मी कुठून कुठं गेलो हे लोकांना रस्ता बघून कळायचं! पेन्शन आली की ती आधी जब्बारभाईंच्या गॅरेजला जायची आणि उरलं तर माझ्या किराण्याला.

जब्बारभाईंचा हात बसलेला ट्रॅक्टर-जीपवर. स्पोर्ट्स कार त्यांनी मोबाइलवरचे व्हिडिओ बघत, मध्येच थांबवत, माझ्याच गाडीवर शिकून घेतली.

"सर, इंजिन एक नंबर हाय, बिलकुल तगडं. फक्त चालत न्हाई."

तरी मी रोज तिथं जाऊन बसायचो. घरी एका माणसाचा चहा करायचा फार कंटाळा येतो. एक कप उकळायचा, एकट्यानं प्यायचा आणि तोच कप विसळून ठेवायचा. गॅरेजवर निदान कुणीतरी "साखर कमी का जास्ती?" असं विचारायचं. खरं सांगतो, मला फार एकटं वाटत होतं.

मग माझ्या धाकट्या भावाच्या, दादारावच्या मुलाचं, नितीनचं लग्न निघालं. कुंभार पिंपळगावला. दादाराव घरी येऊन म्हणाला, "नाना, नवरदेव तुझ्याच गाडीत बसंल! घोडा कॅन्सल!"

"अरे, तिचा भरवसा न्हाई."

"आपल्याला कुठं पळवायची हाय? घरापासून बुद्धविहारापस्तोर तर जायचं. हळूहळू."

हळूहळू! स्पोर्ट्स कार हळूहळू चालवणं म्हणजे काय असतं, हे त्या दिवसापर्यंत आम्हा दोघा भावांनाही ठाऊक नव्हतं. मी कबूल झालो, कारण लग्नाला प्रशांत येणार होता. लग्न लागलं की पोराला शेजारी बसवून शहागडला, गोदावरीच्या पुलापर्यंत जायचं, बस्स, एवढंच माझ्या मनात होतं. लग्न रविवारी होतं आणि त्याच रात्री त्याची परतीची रेल्वे होती.

पुढे डीजे, मध्ये नाचणारी पोरं, मागे पांढऱ्या साड्यांतल्या बाया आणि मधोमध मी. शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत नितीन. वरात हातभर सरकायची आणि नवं गाणं लागलं की थांबायची. मी क्लच दाबायचो, सोडायचो, दाबायचो. पायाला गोळे आले. तापमानाचा काटा लाल रेघेच्या पलीकडे जाऊन बसला.

"काका, काच खाली घ्या ना, जीव जाऊन राह्यला!" नितीन म्हणाला.

"ती येत न्हाई खाली."

"मंग दार उघडू का?"

दाराला टेकून त्याचे मित्र नाचत होते. दार उघडेना!

तेवढ्यात क्लच जळायला लागला. तो करपट वास मागे गेला आणि आमची एक चुलत वहिनी ओरडली, "अगं बाई, भात लागला! आचाऱ्याकडं पळा जल्दी!" अर्धी वरात मांडवाकडे पळाली. आचाऱ्यानं अजून तांदूळ धुतलासुद्धा नव्हता. तो बिचारा शपथा घेत होता आणि बाया त्याची पातेली हुंगत होत्या.

इकडे बॉनेटमधून वाफेचा लोट उसळला. पोरांना वाटलं, काकांनी धुराचं मशीन बसवलंय!

"काका, एकच नंबर! अजून सोडा धूर!"

मी हात जोडून ओरडत होतो, "अरे, इंजिन पेटंल!" त्यांना वाटलं काका नाचतायत. ते दुप्पट जोरात नाचले. मग गाडीनं एक उचकी दिली आणि जीव सोडला.

शेवटी पाण्याच्या टँकरचा ट्रॅक्टर आला. दोरखंड बांधला. पुढे टँकर, मागे लाल स्पोर्ट्स कार आणि तिच्यात घामानं निथळणारा नवरदेव, अशी आमची स्वारी विहाराला पोचली. भंतेजी ताटकळले होते. नवरीनं नितीनकडे बघून मैत्रिणीला विचारलं, "हे पोहून आले का?"

पण गाडीला मागून धक्का देणाऱ्यांत प्रशांत होता. तो पोट धरून हसत होता. त्याची आई गेल्यापासून त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी तो म्हणाला, "पप्पा, मी आज जात न्हाई. गाडी नीट होईस्तोवर घरूनच काम करतो. मंग आपण दोघं शहागडला जाऊन येऊ."

मला इतका आनंद झाला, की मी जळालेल्या क्लचचे मनातल्या मनात आभार मानले.

घरात पुन्हा दोन ताटं लागायला लागली. तो लॅपटॉपवर कुणाला तरी इंग्रजीत रागवायचा आणि मी स्वयंपाकघरातून ते कौतुकानं ऐकायचो. रात्री त्याच्या आईच्या आठवणी निघायच्या. आणि नेमकं त्याच आठवड्यात, आयुष्यात पहिल्यांदा, जब्बारभाईंनी काम वेळेच्या आधी केलं!

"सर, गाडी तय्यार! घिऊन जा!"

गाडी तयार म्हणजे शहागड, आणि शहागड झालं की पुणे. मी तडक गॅरेजवर गेलो.

"जब्बारभाई, अजून चार दिवस बिघडवून ठेवा."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "सर, समदे जल्दी करा म्हणत्यात. बिघडवा म्हणणारं गिऱ्हाईक पैल्यांदाच भेटलं."

त्यांनी आतला एक आगपेटीएवढा काळा डबा, रिले की काय म्हणतात तो, उपसून काढला. घरी येऊन मी चेहरा पाडून सांगितलं, "पार्ट येईना रे." प्रशांत म्हणाला, "येऊ द्या आरामात." पण तिसऱ्याच दिवशी त्याच्या ऑफिसातून फोन आला. त्यानं बॅग भरली. "पप्पा, आता न्हाई जमत. गाडी झाली की फोन करा, मी लगेच येतो."

रेल्वे हलली. मी स्टेशनवरून घरी गेलोच नाही, रिक्षा करून थेट गॅरेज गाठलं.

"जोडा तो डबा! आत्ताच्या आत्ता!"

जब्बारभाईंनी मान खाजवली. "त्याचं असं झालं सर, तो डबा चुकून एका बाहेरगावच्या जीपला बसवला. आता कोन्ता बी दुसरा लावला तरी तुमची गाडी हुं का चुं करंना."

"आणि ती जीप?"

"मस्त पळून राह्यली, माशाल्ला!"

आता प्रशांत रोज संध्याकाळी फोन करतो, "झाली का?" मी म्हणतो, "बस, दोन दिवस." मग आमचं अर्धा तास बोलणं होतं आणि फोन ठेवला की घर पुन्हा गप्प होतं. काल जब्बारभाईंनी आजवरचं बिल पाठवलं. त्यात शेवटी लिहिलं होतं, 'गाडी बिघडवून देणे, मजुरी वेगळी.' मी घासाघीस न करता दिली. माझ्या गाडीचं एवढं एकच काम त्यांनी पक्कं केलं होतं!