मेजरांच्या खोलीचं कुलूप

मन्मथ मेजरांना मी कोंडलं होतं.

भरदुपारी, बाहेरून कुलूप लावून. आज ते गेले, आणि ही गोष्ट मला उदगीरला त्यांच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगावी लागली. आता तुम्हालाही सांगतो.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवी ऑफिसं, नवे बोर्ड. ज्याला त्याला वाटायचं, आपण आता कलेक्टर ऑफिसात चिकटणार. त्यात दुष्काळ. पोरं वर्गात कमी आणि पाण्याच्या लाइनीत जास्त.

मेजर फौजेतून रिटायर होऊन आलेले. खरं तर हुद्दा नायकाचा, मेजरच्या कितीतरी खालचा. पण आपल्याकडं फौजेतून आलेला हरेक माणूस मेजरच! कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, "डिग्री घ्या, माजी सैनिकाला जागा हाय." म्हणून पस्तिशीत बीए फर्स्ट इयर.

मी देगलूरचा सलीम, अठरा वर्षांचा. त्यांचा रूम पार्टनर.

वर्गात ते कायम दाराजवळ बसायचे. कुठलाही कार्यक्रम असो, सर त्यांना पुढं बोलवायचे, शाल-नारळ द्यायचे, "लढाईचं सांगा" म्हणायचे. मेजर नारळ घ्यायचे आणि गुपचूप दाराजवळ जाऊन बसायचे.

आम्ही म्हणायचो, मेजर जरा सटकलेत.

आज त्या दुखण्याला नाव आहे, डॉक्टर आहेत. तेव्हा फक्त आमचं हसणं होतं.

पहिल्या वर्षी ते नापास झाले. सगळं तोंडपाठ असून. अर्ध्या तासात कोरा पेपर देऊन बाहेर.

"काय झालं हो मेजर?"

"हॉलचं दार लावलं की समदं जातं रे सलीम."

मी हसलो. लढाईवर गेलेला माणूस, आणि दाराला भितो?

पुढच्या वर्षी उदगीरहून त्यांच्या भावाचा निरोप आला. यंदा पास झाला नाहीस तर गाशा गुंडाळ आणि शेतावर ये. मेजर जीव तोडून अभ्यासाला लागले. पण रूमवर गल्लीतल्या लोकांची रीघ. प्रत्येकाला लढाईच ऐकायची.

परीक्षेच्या दिवसांत आम्हा पोरांची एक युक्ती असायची. एकानं आत अभ्यासाला बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून कुलूप लावून जायचं. येणारा कुलूप बघून परत फिरतो.

पेपरच्या आदल्या दिवशी मेजरांचा पुस्तकावरच डोळा लागला होता. मी हळूच दार ओढलं, कुलूप लावलं आणि घागरी घेऊन टँकरच्या लाइनीत जाऊन उभा राहिलो. स्वतःवर लई खूश होतो मी.

टँकर तीन तास आला नाही.

परत आलो तर दारात गल्ली जमलेली.

"किल्ली कुणाकडं हाय? किल्ली!"

आतून ओरडण्याचा आवाज नव्हता. नुसतं खरवडणं ऐकू येत होतं.

कुलूप काढलं तर मेजर दाराखालची माती उकरत होते. जेवायच्या ताटानं. ताट वाकलं तेव्हा हातानं. बोटं रक्तानं भरलेली.

मी आणलेल्या पाण्यानं त्यांचे हात धुतले. हात धुता धुता ते बोलले.

"बंकर खचला व्हता. दोन दिवस मातीखाली व्हतो, दोघं. मग दुसरा बोलायचा थांबला."

मग म्हणाले, "कुणाला सांगू नको. घरी तर न्हाईच."

मी हाव म्हणालो, शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी ते पेपरला गेले नाहीत. उदगीरची एसटी धरली. घरी सांगितलं, लातूरला प्यायला पाणी नाही, कॉलेज कसलं करायचं! माझं नाव घेतलं नाही. कधीच.

मी पास होत गेलो, मास्तर झालो. दर दिवाळीला त्यांना भेटायला जायचो. त्यांच्या घरात एकाही दाराला कडी नव्हती. मला कारण माहीत होतं. मी चहा प्यायचो आणि लाज घेऊन परत यायचो.

आज पोचलो तर अंगणात वाद चाललेला.

घर लिंगायत. बसवून समाधी द्यायची रीत. खड्डा खोदून तयार होता आणि मेजरांचा मुलगा अडून बसला होता.

"अप्पा म्हणले व्हते, मला मातीत घालू नका."

"आपल्यात जाळत न्हाईत बाबा," एक बुजुर्ग म्हणाले. "म्हातारपणी माणूस काहीबाही बोलतंय."

मुलाला कारण माहीत नव्हतं. मेजरांच्या बायकोला, वहिनींनाही नाही. मला माहीत होतं, आणि मी शब्द दिलेला होता.

माझ्याही घरची सगळी माणसं मातीतच गेली. मीही जाईन, त्याचं मला भय नाही. पण मेजरांना त्या खड्ड्यात उतरवताना मला बघवलं नसतं.

मी सांगून टाकलं. बंकर, कुलूप, वाकलेलं ताट, सगळं.

वहिनी माझ्याकडं बघतच राहिल्या.

"म्हंजे कॉलेज पाण्यापायी न्हाई सुटलं?"

"न्हाई वहिनी. माझ्यापायी."

त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या लेकाकडं वळल्या.

"शेतात ने त्यांना. उघड्यावर."

 सरपण गाडीत भरायला ते बुजुर्गच पहिले उठले.

मेजर, तुम्ही म्हणाला होतात, कुणाला सांगू नको. मी सांगितलं. माफ करा.

दाराचंही तुम्ही मला आधीच सांगितलं होतं. तेव्हा मी हसलो होतो.

आज तुमचं ऐकलं.

तुमच्या सलीमचा शेवटचा सलाम.