दोन वस्त्यांमधला ठिपका

एम.ए. झाल्यावर मी अमरावतीच्या एका प्राध्यापकांकडे पाहणीच्या कामाला लागले. बार्शीटाकळीजवळच्या एका गावात घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारायचा होता: अडचण आली की कोणाशी बोलता? उत्तरांवरून तक्त्यावर माणसांचे ठिपके काढायचे आणि रेघांनी जोडायचे. ज्याच्याकडे जास्त रेघा, तो गावात मोठा, हे प्राध्यापकांचं माप. सरपंच पहिला आला.

धम्म स्वीकारल्यापासून बौद्धवस्तीतल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं बंद केलं होतं, आणि गावाने त्यांच्याशी बोलणं. तक्त्यावर दोन वेगळे पुंजके दिसत होते. मधे एकच ठिपका, बांगड्या विकणाऱ्या मनियारणीचा. तिचं नाव जेमतेम पाचसहा बायकांनी घेतलं होतं, पण दोन्हीकडच्या. मजुरीचा निरोप, विहिरीची पाळी, सगळं तिच्याच तोंडून इकडचं तिकडे जाई.

मी प्राध्यापकांना म्हटलं, "रेघा मोजण्यापेक्षा एकेक माणूस पुसून बघा आणि काय तुटतं ते मोजा. सरपंच पुसला तर काहीच तुटत नाही."

"वकिलाची मुलगी वाद घालणारच," असं म्हणून त्यांनी तक्ता गुंडाळला.

मला त्यांचा इतका राग आला की पंचायतीत तक्ता दाखवायच्या दिवशी मी तो ठिपका लाल शाईने भरून टाकला. प्राध्यापकांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरपंचाने मात्र विचारलं, "हे लाल कोन हाय?" मी मोठ्या तोऱ्यात सगळं समजावून सांगितलं, त्याला पुसलं तर काहीच तुटत नाही हेसुद्धा.

महिन्याभराने मनियारीण मला बार्शीटाकळीच्या बाजारात दिसली. सरपंचाने तिला गावबंदी केली होती. त्यानंतर विहिरीवर भांडण पेटलं, मधे पडायला कोणी नव्हतं. बौद्धवस्तीतल्या एकाचं डोकं फुटलं, पोलीस आले. हे तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. मी माफी मागू लागले, तशी तिने मान वर केली.

"मी तुमच्यासंग घरची बाई समजून बोलली. तुमी मले कागदावर काहून काढलं? मले इचारलं होतं?"

मी नाही म्हटलं.

"मंग सरका. गिऱ्हाईक येऊन राहिलं."

मी काम सोडलं. पुढे प्राध्यापकांच्या अहवालात माणूस पुसून बघायचं माझं माप त्यांच्या नावाने छापून आलं. वडील म्हणाले, नोटीस पाठवू. मी नको म्हटलं.