डेस क्विल्टीच्या अर्ध्या पापण्या

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरात, एका नेत्रसंशोधन केंद्रात ग्लेनिस पॅस्को अकरा वर्षं लोकांच्या पापण्या मोजत होती. डोळ्यांत नवे थेंब घालण्याआधी पाच मिनिटं आणि घातल्यावर पाच मिनिटं पापणी किती वेळा लवते, कुठवर खाली येते, ते तिचा कॅमेरा टिपायचा. यंत्राचा तिला कधी त्रास झाला नाही. त्रास माणसांचा.

त्यातही डेस क्विल्टीचा. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा गृहस्थ जन्मभर लोकरीच्या गोदामात धाग्याची प्रत पारखत बसलेला. डोळ्यांची आग होते म्हणून चाचणीत आला आणि चारपैकी दोन खेपा बडबडून नासवल्या. बोलताना पापण्या जास्त लवतात, हे सांगून सांगून ग्लेनिसचा घसा बसला.

तिसऱ्या खेपेला तो गप्प बसला खरा, पण दोन मिनिटांत ओरडला, "चव्वेचाळीस!"

"काय चव्वेचाळीस?"

"पापण्या लवल्या. तुला तेवढीच मदत, पोरी."

"अहो डेस, मोजायचं काम माझं! तुम्ही समोरच्या पडद्यावरचे ढग बघा."

"ढगांत काय बघायचं? एक मेंढी नाही त्यात."

"मग नका बघू! पण तोंड मिटा एकदाचं!"

डेस रुसला आणि शेवटपर्यंत मुकाट बसला.

संध्याकाळी चित्रण संथ करून बघताना ग्लेनिस थबकली. थेंबांनी पापण्यांचं लवणं कमी झालं होतं, मिनिटाला बावीसवरून सतरा. पण थेंबांआधी काय नि नंतर काय, पापणी अर्ध्या वाटेवरूनच माघारी फिरत होती. डोळ्याचा खालचा भाग कायम उघडा. आग होणार नाही तर काय!

न राहवून तिने त्याला फोन केला. "डोळे अलगद पूर्ण मिटायचे, दोनपर्यंत मोजायचं, मग उघडायचे. तासाला दहादा."

"या वयात पापण्या मिटायची शिकवणी!" डेस करवादला. पण केलं त्याने.

चौथ्या खेपेला त्याची पापणी थेट खाली टेकली. आगही बरीच उतरली होती. प्रमुख डॉक्टरीणबाई हरखल्या, "बघ, थेंबांचा गुण!"

"थेंबांचा नाही हो," ग्लेनिस पुटपुटली, "मी शिकवलं त्यांना."

बाईंनी कपाळावर हात मारला. आता गुण थेंबांचा की शिकवणीचा, कसं कळणार? डेस चाचणीतून बाद. आता नवा माणूस, पुन्हा चार खेपा.

स्वतःवरच चडफडत ती बाहेर आली आणि तिने डेसला सगळं सांगितलं.

"नवा माणूस हवाय ना? माझा भाऊ आहे. माझ्यापेक्षा कमी बोलतो."

"कितीसा कमी?"

डेस विचारात पडला. "तसं म्हणशील तर…"

"राहू द्या!" म्हणत ग्लेनिसने आत जाऊन दार लावून घेतलं.