लुब्वे टेकडीवरचा नर

चपट्या सरड्यांनी सेंझेनी मासुकूला जेवढं छळलं, तेवढं तिच्या दोन मुलांनी मिळूनही छळलं नसेल. बुलावायो शहरातल्या एका निसर्ग-संग्रहालयात ती नोकरीला लागली तेव्हा तिला वाटायचं, जात ओळखायची म्हणजे पुस्तक उघडून ताडून बघायचं. कसलं काय! या सरड्यांच्या माद्या सगळ्या सारख्या, काळपट पाठीवर तीन फिके पट्टे. पिल्लंही तशीच. रंग मिरवतो तो प्रौढ नर, आणि जात सांगायची ती त्याच्या गळ्यापोटाच्या रंगावरून. तोही जिवंत असेपर्यंत. स्पिरिटच्या बाटलीत गेला की थोड्याच दिवसांत पांढराफटक.

लुब्वे ही तिच्या आजोळची टेकडी. आसपासच्या सगळ्या टेकड्यांवर नर नारिंगी पोटाचे, पण लुब्वेवर लहानपणी तिने काळ्या पोटाचा नर पाहिला होता. म्हणजे जात वेगळी, कुणी नाव न दिलेली. हे ती वर्षानुवर्षं सांगत राहिली आणि खातेप्रमुख गुंपो वर्षानुवर्षं एकच म्हणत राहिले, "नर आणा, बाई. आठवणी बाटलीत ठेवता येत नाहीत."

नर आणायचा कसा? लुब्वे पावसाची टेकडी, गाव पाऊस मागायला तिथे जातं. अनवाणी चढायचं, घड्याळ, फोन, कॅमेरा खाली ठेवायचा, आणि उतरताना खडासुद्धा उचलायचा नाही. राखणदार तिचा सख्खा मामा, मबिको. तिने त्याच्या मागे लागून लागून त्याचं डोकं खाल्लं. शेवटी एका सकाळी मामा स्वतःच गाडग्यात सरडा घेऊन तिच्या दारात उभा राहिला. पोट लख्ख नारिंगी.

सेंझेनीचं तोंड एवढंसं झालं. गुंपोंनी निर्णय दिला, "नेहमीचीच जात." बाटलीवर लुब्वेचं नाव लागलं आणि विषय संपला. जेवणाच्या सुट्टीत लोक विचारायचे, "काय बाई, काळ्या पोटाचं काय झालं?" तिचा स्वतःच्याच डोळ्यांवरचा विश्वास उडाला.

पुढे एकदा ती आजोळी गेली असताना, मक्याच्या घट्ट लापशीचा गोळा आंबट दुधात बुडवत ती मामासमोर करवादली, "तुमच्या त्या सरड्याने माझं हसं केलं, मामा."

"मग होणारच," मामा शांतपणे म्हणाला. "तो पलीकडच्या शेळ्यांच्या टेकडीवरचा होता."

घास तिच्या हातातच राहिला. "काय?"

"ओरडू नकोस. भाचीने मागितलं, तिला नाही म्हणता येतं का? आणि लुब्वेवरचं काही खाली आणता येतं का? मग मी दोन्ही सांभाळलं."

"दोन्ही सांभाळलं! माझी एवढी वर्षं मातीत घातलीत आणि वर सांभाळलं म्हणता?"

"मला काय ठाऊक, तुला अगदी तोच हवा होता? सरड्यासारखा सरडा दिला."

तिला रडू येत होतं आणि त्याची मानगूटही धरावीशी वाटत होती. "आत्ताच्या आत्ता मला वर न्या," एवढंच ती म्हणाली.

दोघं अनवाणी चढली. कातळ तापला होता. माथ्यावर मुंग्यांची रांग होती, तिच्याशेजारी ती बसून राहिली. आधी माद्या आल्या. मग फटीतून एक नर निघाला, मुंग्या टिपत तिच्या हातापर्यंत आला आणि दुसऱ्या नराला बघून मान उंचावून उभा राहिला. गळा गंजासारखा तांबडा. पोट काळं कुळकुळीत. सेंझेनीने डोक्याचा रुमाल ओढला आणि झपकन त्याच्यावर टाकला.

सापडला! रुमालाखाली त्याची धडधड तिच्या तळव्याला कळत होती.

मामा पाठ फिरवून उभा होता. "मी बघत नाहीये," तो म्हणाला. "पाऊस लांबला की लोक माझ्याकडे येतील, वरून कुणी काही नेलं का विचारतील. मी नाही म्हणेन. तुझ्याशी एकदा खोटं बोललोच आहे, आता तुझ्यासाठी बोलेन."

"हे बोलायलाच हवं होतं का, मामा?"

त्याचे टाचांना भेगा पडलेले पाय त्या तापल्या कातळावर तसेच उभे होते. सेंझेनीने दातओठ खाल्ले, मामाला, टेकडीला, स्वतःच्या नोकरीला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि रुमाल उचलला. सरडा फटीत शिरला. रिकामा रुमाल झटकून तिने पुन्हा डोक्याला बांधला आणि मामाच्या पुढे निघून ती टेकडी उतरली.

सोमवारी तिने बाटलीवरचं लुब्वे खोडून शेळ्यांची टेकडी लिहिलं. गुंपोंनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे लुब्वेचा आता एकही नमुना नाही? वर जाऊन आलात, नर पाहिलात तरी का?"

ज्या उत्तरासाठी तिने अर्धं आयुष्य घालवलं होतं ते तिच्या जिभेवर होतं. पण ते दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग आणला का नाही, आणि त्यापुढे जाळी घेऊन कुणीतरी लुब्वेवर.

"नाही," सेंझेनी म्हणाली. "माद्याच होत्या."