आठ इंची गादी आणि दोन गोधड्या

परवा उदगीरला बहिणीच्या सासरी गेलो होतो. बाहेरच्या खोलीत तिच्या सासऱ्यांनी हाताला धरून मला गादीवर बसवलं... आणि खाली प्लॅस्टिक कुरकुरलं. लग्नाला आठ महिने झाले, दुकानातलं प्लॅस्टिक अजून तसंच.

ही गादी घेताना मी होतो. म्हणून सगळं लिहितो.

आम्ही कंधारचे. दोन वर्षांपूर्वी पाण्याचे फार हाल होते, तेव्हा टँकरच्या गर्दीत माझी धाकटी बहीण अश्विनी भरलेला हंडा घेऊन पडली. हाड मोडलं नाही, पण कंबर धरली ती धरलीच. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, जड उचलायचं नाही, आणि झोपायला खड्डा पडणारी गादी नको... पाठीला सगळीकडून सारखा आधार हवा.

लग्न ठरलं, पलंग आणि गादी आमच्याकडून द्यायची ठरली. आई म्हणाली, "पाव्हण्यांपुढं कंबरेचं नाव काढायचं न्हाई." मलाही ते तेव्हा पटलं. म्हणजे कंबर लपवायची, पण गादी मात्र त्याच कंबरेला मानवेल अशी निवडायची... हे काम माझ्याकडे आलं.

माझं शिक्षण बारावीत अडकलं, पण एखादी गोष्ट हातात घेतली की तळापर्यंत बघायची सवय आहे. आठवडाभर मोबाईलवर वाचलं. उताणं झोपायचं आणि कंबरेखाली हात सरकवायचा... सहज आरपार गेला तर गादी फार कडक, शिरलाच नाही तर फार मऊ.

मग अश्विनीला घरच्या लाकडी दिवाणावर झोपायला लावलं. आधी एक गोधडी, मग दोन, मग तीन. "दादा, मी काय मोंढ्यातलं ज्वारीचं पोतं हाय का रे? किती उलटंपालटं करायलास!" म्हणून ती हसत होती. दोन गोधड्यांवर तिला बरोबर आराम पडला. मी वहीत लिहून ठेवलं.

दुकान उदगीरचं, पाहुण्यांच्या ओळखीचं. नवरी काही गादी बघायला येत नाही आमच्याकडे. आमच्या बाजूने मी आणि त्यांच्या बाजूने सासरे... त्यांना मी मामा म्हणतो. मी एकेका गादीवर आडवा होऊन, कंबरेखाली हात घालून बघितलं. शेवटी काथ्याची, वर दोन इंच फोम असलेली एक सापडली. डोळे मिटले तर वाटावं, घरच्या दिवाणावरच आहोत.

दुकानदाराने विचारलं, "घरात कुणाला कंबरेचा तरास हाय का?"

मी म्हणालो, "मला."

मामा मोठ्याने हसले. "मग ही तुमच्या घरी न्या की! गादी तर आमच्याकडं यायलीय." चप्पल काढून ते आठ इंची स्प्रिंगच्या गादीवर आडवे झाले, पोटावर हात ठेवून दोनदा उसळले. "ही बघा गादी! उद्या उदगीर जिल्हा झाला की आमचा पोरगा तहसिलातून कलेक्टर ऑफिसात जाणार. साहेबलोक घरी येतील, त्यांना काय काथ्यावर बसवू?"

मी चाचरत म्हटलं, "मामा, काथ्याची जास्त टिकते."

"गादीचं सोडा पाव्हणं, तुमची बहीण टिकली म्हंजे झालं!"

दुकानातले सगळे हसले... मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. एक वाक्य बोलायचं होतं, ते गिळलं आणि आठ इंची गादी टेम्पोत चढवून दिली.

परवा मी प्लॅस्टिककडे बघतोय हे मामांच्या लक्षात आलं. "साहेबलोक यायला लागले की काढू. आधी जिल्हा तर होऊ द्या!" म्हणाले. जिल्ह्याची चर्चा दर दोन महिन्यांनी उठते आणि बसते. तोवर त्या गादीवर कुणीच झोपत नाही.

पाणी प्यायला आत गेलो. आतल्या खोलीत भिंतीशी अश्विनीचं अंथरूण गुंडाळलेलं होतं... आईने शिवलेल्या गोधड्या. माझी नजर तिने ओळखली.

"मोजू नको दादा. दोनच हायेत." मग हळूच म्हणाली, "फरशीवर बरं वाटतं."

गल्लीच्या तोंडाशी टँकर येतो. तिथून पाणी कोण आणतं, विचारलं. "मीच की," ती म्हणाली. "कंबर दुखती म्हणून कुणाला सांगू? तुम्हीच तर सांगू नको म्हणलं."

ती हे रागाने म्हणाली असती तर सोपं गेलं असतं.

मी बाहेर आलो. गादीवर बसलो नाही, उभ्यानेच बोललो. "मामा, त्या दिवशी दुकानात जी कंबर दुखत होती ती माझी नव्हती. अश्विनीची होती."

मामांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "म्हंजे फसवलं म्हणा की आम्हाला."

मी म्हणालो, "हो."

चहा आलाच नाही. कंधारच्या गाडीत बसून रस्ताभर एकच विचार... आता हिचं काय होणार. आईला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला.

आज सकाळी अश्विनीचा फोन आला. सासूबाई टँकरवर निघाल्या तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या म्हणे, "नाजूक बाहुली आणलीय आम्ही, शोकेसमधी ठेवायला!" टोमणा जिव्हारी लागणारा आहे. पण हंडा आज त्यांनी उचलला.

हे सगळं लिहू का, म्हणून विचारलं. म्हणाली, "लिही. आता झाकायचं काय राहिलंय?"

प्लॅस्टिक मात्र अजून निघालेलं नाही.