सडबरीच्या तळ्यावर डावीकडे न वळणारी स्नोमोबाइल

नोव्हेंबरात कंपनीने मला “पुढच्या प्रवासासाठी मोकळं” केलं. हे त्यांचेच शब्द, व्हिडिओ कॉलवरचे, आणि बोलणाऱ्या बाईंच्या मागे समुद्रकिनाऱ्याचं चित्र होतं. आमच्या कनाटात, टेक कंपन्यांच्या या उपनगरात, अशी बातमी सर्दीसारखी येते-जाते, कोणी दचकत नाही. शहाणा माणूस अशा वेळी रेझुमे अपडेट करतो. मी जुनी स्नोमोबाइल घेतली.

बर्फावर धावणारी ही स्कूटर घेतली तेव्हा बरी चालत होती. पण व्हिडिओ बघून बघून मला तिच्यात सुधारणा सुचल्या. एका वीकेंडमध्ये मी तिचं हँडल वीतभर उंच केलं, मूळ सायलेन्सर काढून गर्जना करणारा बसवला आणि हवेच्या फिल्टरचा डबा काढून नुसता गोल फिल्टर लावला. त्यानंतर मशीन अडखळायला लागली. अंगठ्याने थ्रॉटल दाबला की आधी ती विचार करायची, एक उचकी द्यायची आणि मग अचानक निघायची. मी फोरमवर विचारलं. अकरा जणांनी अकरा भाग बदलायला सांगितले. स्पार्क प्लग बदलले, पेट्रोल बदललं, कार्ब्युरेटर तीनदा साफ केला. “आपल्या घरात आता तीच एक वस्तू स्वच्छ आहे,” अनघा, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

फेब्रुवारीत तिच्या सुमतीमावशीचा फोन आला. सुमतीमावशी म्हणजे सासूबाईंची मैत्रीण, सडबरीतल्या निवृत्त भूलतज्ज्ञ, वय चौऱ्याहत्तर. गेली चाळीस-एक वर्षं तिथेच. तळ्यापलीकडे त्यांची लाकडी झोपडी आहे, ती त्या विकत होत्या. (सडबरीत तिला ‘कॉटेज’ म्हणू नका, लोक तुम्हाला टोरोंटोचे समजतील. तिथला शब्द ‘कॅम्प’.) यंदा हिम बेफाम पडलं होतं. छतावरचं ओझं उतरवलं नाही तर छप्पर बसेल आणि घेणारे पळतील, अशी त्यांना भीती होती. तिकडे रस्ता नाही, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरूनच जावं लागतं. त्यांचा ओकव्हिलचा मुलगा म्हणत होता, एकटी जाशील तर खबरदार.

“निखिलकडे मशीन आहे ना? आणि वेळही आहे,” मावशी म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता. मी तत्काळ हो म्हणालो, नंतर अनघाकडे पाहिलं. ती हसत होती.

शुक्रवार

कनाटाहून हायवे सतराने मटावा, नॉर्थ बे आणि सडबरी. नकाशा पाच तास सांगतो, ट्रेलर ओढत मला सात लागले. डीप रिव्हरच्या पुढे फोनला रेंज येते-जाते, म्हणून पेट्रोल आणि वॉशरूम दोन्ही आधीच उरकून घ्या. स्नोमोबाइलच्या ट्रेल्सचं परमिट घरूनच ऑनलाइन काढा, तिथे जाऊन शोधत बसू नका. मटाव्याला सूप आणि ग्रिल्ड चीज खाल्लं. शेजारच्या टेबलावरचे दोन आजोबा खिडकीतून माझ्या ट्रेलरकडे बघत होते.

“नाइस बार्स,” माझ्या उंच हँडलकडे बोट दाखवत एक म्हणाला. मी फुशारलो. मग दुसरा म्हणाला, “व्हॉट इज ही, ड्रायिंग लाँड्री?”

मावशींनी गरम पिठलं, भाकरी आणि डीप फ्रीझरमधली ब्लूबेरी असं जेवण वाढलं. जेवताना मी मशीनची सगळी कहाणी सांगितली. कोणते प्लग, कोणता जेट, कार्ब्युरेटरमध्ये किती मिश्रण.

“तू मला तपासण्यांचे रिपोर्ट सांगतोयस,” मावशी म्हणाल्या. “पेशंटला होतं काय? कधी होतं?”

“मावशी, ते जरा टेक्निकल आहे,” मी म्हणालो.

आयुष्यभर लोकांना झोपवून पुन्हा जागं करणाऱ्या बाईला मी हे सांगितलं. त्यांनी मला आणखी पिठलं वाढलं.

शनिवार

सकाळी उणे अठरा, ऊन लख्ख. तळ्याकाठच्या पार्किंगमध्ये माझी मशीन गर्जली तेव्हा कुत्री भुंकली. मावशींची मशीन तीस वर्षं जुनी, पिवळी, आवाज शिलाई मशीनसारखा. त्यांनी हेल्मेट चढवण्याआधी मला एकच गोष्ट बजावली. इतकं हिम पडलं की त्याच्या वजनाने बर्फाचा थर खाली दबतो आणि भेगांतून पाणी वर येतं. वरून पांढरं दिसतं, आत चिखलासारखा लगदा असतो.

“स्लशमधून जाताना थांबायचं नाही. थ्रॉटल सोडायचा नाही. माझ्या मागोमाग ये.”

पहिला अर्धा तास स्वर्ग होता. तळं सरळसोट, आकाश निळं आणि माझा सायलेन्सर असा गात होता की मला स्वतःचा अभिमान वाटला. नोकरी गेल्यापासून तसं वाटलं नव्हतं. मग एका खडकाळ टोकाला वळसा घालताना मावशी डावीकडे वळल्या. मीही वळलो. मशीनने उचकी दिली.

दुसरी दिली आणि बंद पडली. पुढची दोन पावलं ती आपल्या वजनावर घसरली, मग मागचा भाग हळूच खाली बसला. मी उतरलो आणि गुडघ्यापर्यंत लगद्यात गेलो. बुटात पाणी शिरलं. ते इतकं थंड होतं की आधी भाजल्यासारखं वाटलं. पार्किंगचा किनारा दूर होता, फोनवर एकही दांडी नव्हती आणि पिवळी मशीन टोकामागे दिसेनाशी झाली होती.

मी घाबरलो. हे ब्लॉगवर लिहायला मजेशीर वाटतंय, तिथे नव्हतं वाटत. खालचा बर्फ भक्कम आहे हे मला माहीत होतं, पण पायांना ते पटत नव्हतं. अनघाला हे कोण आणि कसं सांगेल, असं काहीतरी डोक्यात आलं.

दहाएक मिनिटांनी मावशी परत आल्या. लांबून वळसा घेऊन त्यांनी घट्ट जागी मशीन थांबवली आणि स्नोशूज चढवून, दोर आणि फावडं घेऊन चालत आल्या. आधी माझे मोजे बदलायला लावले. कोरडे मोजे त्यांच्या खिशात होते, आणि ओल्या बुटात ते कोरडे राहावेत म्हणून वर चढवायला प्लॅस्टिकच्या ग्रोसरीच्या पिशव्या. मग आम्ही फावड्याने लगदा उपसला आणि मागचा भाग उचलून खाली टोकावरून तोडून आणलेल्या फांद्या घातल्या.

“आता सांग,” फावडं टेकवत मावशी म्हणाल्या. “कधी सुरू झालं?”

“तीन सुधारणा केल्या त्यानंतर.”

“तीन ऑपरेशनं? एकाच दिवशी?”

“वीकेंडला.”

“थंड असताना होतं की गरम झाल्यावर?”

“कधीही.”

“सरळ जाताना?”

मी आठवून पाहिलं. आज अर्धा तास सरळ आलो, एकदाही नाही. घरी मात्र दर वेळी. घरी मी ड्राइव्हवेतून निघालो की...

“डावीकडे वळतो,” मी म्हणालो.

मावशींनी इंजिन सुरू करायला सांगितलं. मग जागेवरच हँडल उजवीकडे नेलं, काही नाही. डावीकडे नेलं, उचकी. पुन्हा डावीकडे नेलं तर बंद. त्यांनी हातमोजा काढून बोट हँडलखाली घातलं. इंजिन बंद करायच्या लाल बटणाची वायर तिथून खाली जाते. मी हँडल वीतभर वर नेलं होतं, वायर होती तेवढीच ठेवली होती. डावीकडे वळलं की ती ताणली जाई आणि आत तुटत आलेली तार क्षणभर सुटे. मशीन बिचारी आज्ञाधारक. तिला वाटे, मालकाने बंद हो म्हटलंय.

तीन महिने मी तिचं पोट साफ करत होतो.

“कधी होतं, हे आधी विचारायला हवं होतं,” मी म्हणालो.

“मी विचारलं होतं,” मावशी म्हणाल्या.

त्यांच्या दोराने ओढून आम्ही मशीन लगद्यातून काढली. आता प्रश्न असा की कॅम्प डाव्या हाताला होता. त्यामुळे डावीकडे जायचं आलं की मी उजवीकडून पूर्ण गोल फिरून त्या दिशेला तोंड करत होतो. एका आईस फिशिंगच्या, म्हणजे बर्फाला भोक पाडून मासे धरायच्या, खोपटाशेजारून असे दोन गोल झाल्यावर आतला माणूस बाहेर आला.

“यू लूज समथिंग, बडी?”

“नो, नो. जस्ट टर्निंग लेफ्ट!” मी ओरडलो. तो बराच वेळ दारात उभा होता.

कॅम्पवर मावशींनी लाकडाची शेगडी पेटवली, आणि मी छतावर चढून दोन तास शोव्हल केलं. स्नोमोबाइल ट्रिपचं स्वप्न बघणाऱ्यांनी नोंद घ्यावी: ट्रिपचा मोठा भाग फावड्यावर जातो. मावशी खालून सूचना देत होत्या. छप्पर दर फावड्याला कण्हत होतं, आणि शेवटचा मोठा ढिगारा घसरून धप्पकन पडला तेव्हा तुळया कुरकुरून सरळ झाल्याचं मला खरोखर ऐकू आलं.

मग चहा. मावशींच्या हत्यारांच्या डब्यातला पाना घेऊन मी चार बोल्ट सोडले आणि हँडल मूळ उंचीवर आणलं. वायर सैल झाली. तुटकी जागा मावशींनी जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. टाके छान होते.

“मशीन का घेतलीस?” त्यांनी सहज विचारलं.

मी सांगू लागलो, की कॅनडात राहून हिवाळ्याचा आनंद... त्यांनी चिकटपट्टी बाजूला ठेवली. तेव्हा मी थांबलो आणि पुन्हा सुरुवात केली. सांगितलं की सकाळी नऊ वाजता गराजमध्ये जायला काहीतरी कारण हवं होतं.

“हं,” त्या म्हणाल्या. “हे मला पटलं.” आणि बिस्किटं पुढे केली.

परतताना मी तळ्यावर मुद्दाम चार वेळा डावीकडे वळलो.

घरी

आठवडाभर खांदे उचलले जात नव्हते. सायलेन्सर आणि फिल्टर मी मूळचेच परत बसवले. शेजारी म्हणाला, “यू सोल्ड इट?” कॅम्प मार्चमध्ये विकला गेला. घेणाऱ्या जोडप्याने मावशींना हिवाळ्यात तळं कसं ओलांडायचं ते शिकवण्याची विनंती केली आहे आणि त्यांनी ती ताबडतोब मान्य केली आहे. मुलाला अजून कळवलेलं नाही.

प्रवासातून काय उरलं? डाव्या पायाच्या करंगळीला अजून बधिरपणा आहे. आणि एक इंटरव्ह्यू. त्यात नेहमीचा प्रश्न आला, हातून झालेली मोठी चूक सांगा. अशा वेळी लोक ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ असं म्हणतात, मीही तेच पाठ केलं होतं. पण तोंडातून स्नोमोबाइल निघाली. सुधारणा, कार्ब्युरेटर, मावशींना टेक्निकल म्हणालो तेही. मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी दोघं हसले, तिसरा गंभीरपणे लिहून घेत होता.

नोकरी मिळाली नाही. दोन दिवसांनी त्या तिसऱ्याची ईमेल आली. निर्णय त्याच्या हातात नव्हता, वगैरे. आणि खाली, बरीच जागा सोडून: त्यानेही गेल्या वर्षी हँडल उंच केलंय. मशीन उजवीकडे अडखळते. शनिवारी मोकळा आहेस का?

आहे, असं मी लगेच कळवलं.