बसच्या दारातला ब्रश

दोहात मी नर्स होते तेव्हा अल थुमामा भागातल्या क्वार्टर्सहून आम्हाला हॉस्पिटलला नेणारा बसड्रायव्हर रत्नागिरीकडचा होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो रोज बसच्या दारातच ब्रश घेऊन उभा असायचा. "यल्ला, चला सिस्टर, बूट!" बुटांचे तळ घासल्याशिवाय कुणालाही आत सोडायचा नाही. ड्युटीच्या घाईत माझं डोकंच फिरायचं.

एकदा मी चिडून म्हणाले, "वाळवंटात राहायचं आणि वाळूला एवढं घाबरायचं?"

तो हसला. "सवय हो. आधी बोटीवर होतो. अंटार्क्टिकाला टुरिस्ट न्यायचो. उतरण्याआधी प्रत्येकाचे बूट मी घासायचो, मोज्यात अडकलेलं गवताचं बी चिमट्याने काढायचो. आपलं बी तिथे रुजता कामा नये. परतताना बर्फात पावलांनी पडलेले खड्डेही बुजवायचो. पेंग्विन अडकतात त्यात."

मग त्याने पाकिटातून एक फोटो काढला, पदक दाखवावं तसा. त्यात नुसता पांढरा किनारा होता आणि कडेला चार पेंग्विन.

"यात तुम्ही कुठे आहात?"

"बोट निघाल्यावर काढलाय," तो छाती पुढे काढून म्हणाला. "बोटभर माणसं दिवसभर हिंडली इथे. बघा, कोणी आलं होतं असं वाटतं का?"

आमच्या वसईच्या किल्ल्यात नावं कोरून ठेवणारे मी लहानपणापासून पाहिलेत. मागे आपलं काहीच उरलं नाही म्हणून ताठ मानेने उभा राहिलेला माणूस तो एकच.